इतिवृत्त, मार्च

सभा साडेसातची. सुरू झाली आठ वाजून पाच मिनिटांनी.
हजर सतरा, शिवाय डेर्व्हलाचा कुत्रा.
खिडकीबाहेर लॉख डेराव्हन,
म्हणजे आमचं तळं,
अंधारात काठाच्या दगडांवर नुसतंच वाजत होतं.

बातम्या अशा.
धक्क्याच्या सात फळ्या बदलल्या.
आठवी कुजकीच आहे, पैसे सातांचेच होते,
तेव्हा उजव्या अंगाने चाला.
वरच्या ओढ्यात ट्राउटची पिल्लं दिसली.
मोजायला गेलेला टायग बुटांत पाणी भरून परतला,
आकडा विसरला, ‘पुष्कळ’ म्हणाला.
‘पुष्कळ’ असं लिहून घेतलं.
झ्बिशेकने जानेवारीत अकरा किलोचा पाइक धरला
आणि सोडून दिला.
फोटो नाही. साक्षीदार एकच, त्याचा मेहुणा.
यावर चर्चा बावीस मिनिटं,
निर्णय पुढे ढकलला.

मग मॅलकी गेराटी उठला.

सुरक्षेचे नियम त्यानेच लिहिलेले,
सत्त्याण्णव साली, ‘र’ अडकणाऱ्या टाइपरायटरवर.
तेव्हापासून दर मार्चला ते मी वाचते,
वाण्याच्या यादीसारखे, एका दमात,
लोक खुर्च्या मागे सरकवत असताना.
या वेळी त्याने हात पुढे केला.
मी कागद दिला.

एक. निघण्याआधी हवामान बघा,
खिडकीतून बघणं म्हणजे बघणं नव्हे.
दोन. कुठे जाता, कधी परतणार,
घरी कुणाला तरी सांगा.
सकाळीच भांडण झालं असलं तरी सांगा.
(हे शेवटचं कागदावर नव्हतं.)
तीन. फोन कोरड्या पिशवीत,
आणि पिशवी अंगावर, होडीत नाही.
चार.

चारवर तो थांबला.

चार काय आहे ते सगळ्यांना पाठ आहे.
लाइफ जॅकेट घाला, बक्कल लावा,
इंजिनची लाल दोरी मांडीला अडकवा,
म्हणजे तुम्ही पडलात तर इंजिनही गप्प होईल.

आणि ऑक्टोबरही सगळ्यांना पाठ आहे.
जॅकेट बाकावर, घडी घालून, बुडाखाली उशी म्हणून.
दोरी इंजिनापाशीच लोंबत.
तो फक्त वाकला होता, हातजाळी उचलायला.
पाणी दहा अंश.
आणि त्याची स्वतःची होडी
त्याच्याभोवती गोल गोल फिरत राहिली,
जवळ यायची,
आणि ती जवळ येऊ नये म्हणून
हा माणूस, ज्याने तिला तीन वेळा रंग दिला,
तिच्यापासून पोहत पळत होता.

झ्बिशेक त्या दिवशी
आपला परवाना चालत नाही अशा कोपऱ्यात गळ टाकून बसला होता,
म्हणून त्याला हाक ऐकू आली.
तो तिथे काय करत होता,
हे क्लबने अजून विचारलेलं नाही.

इतिवृत्तात शांततेला रकाना नसतो.
मी पेन टेकवून बसले, शाईचा ठिपका मोठा होत गेला.
कुत्र्याने मान वर केली.
मॅलकीने चार वाचला नाही.
खिशातून ती लाल दोरी काढली,
चहाच्या कपाशेजारी ठेवली,
वेटोळी, गळाच्या गांडुळासारखी,
आणि चष्मा पुसला.

पाच, तो म्हणाला. दारू काठावर आल्यावर.
सगळे हसले,
विनोदाच्या लायकीपेक्षा बरंच जास्त.

कागद परत देताना
तो माझ्याकडे न बघता म्हणाला,
तो पाइक लिहून टाक. अकरा किलो.
कुणीतरी म्हणालं, पण साक्षीदार...
मॅलकीने नुसतं त्या दिशेला बघितलं.

पाइक नोंदवला. विरोध नाही.
झ्बिशेक खाली बघून टोपीची शिवण चाचपत होता.
मुद्दा चार: वाचन झाले, असं मी लिहिलं.
आठवी फळी पुढच्या महिन्यात.
तोवर उजव्या अंगाने.